निजलेली बाव

मे महिना आला हे मला कॅलेंडरवरून कळत नाही, विहिरीच्या दोरावरून कळतं. होळीनंतर दर आठवड्याला कळशी थोडी आणखी खाली जाते आणि एक दिवस दोराचं शेवटचं, कधी न भिजलेलं टोक हातात येतं. मग कोणीतरी माळ्यावरून जुना दोर शोधून आणतं आणि गाठ मारून वावभर लांबी वाढवतं. ही गाठ रहाटावरून जाताना टक् असा आवाज करते. तीन-चार दिवसांपूर्वी सकाळी मी अंगणात दात घासत उभा होतो आणि दगडी गडग्यापलीकडून तो आवाज आला. शेजारच्या फिलूबायच्या दोराला गाठ पडली, म्हणजे मे आला. आणि मे आला की गेली तीन वर्षं मला फिलूबायच्या तोंडाकडे सरळ बघवत नाही.

तोंडवलीला आमचं घर समुद्राला इतकं चिकटून आहे की भरतीच्या वेळी बोलताना आवाज चढवावा लागतो. आमची विहीर शिमग्यानंतर मचूळ लागते आणि एप्रिल संपता संपता तिच्या पाण्यात डाळ शिजत नाही. पण मधे फक्त एक गडगा ओलांडला की फिलूबायची बाव. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. तिचं पाणी पाऊस पडेपर्यंत गोड. आमच्या तीन पिढ्या मे महिन्यात तेच पाणी प्यायल्या. त्या बदल्यात काही द्यायचं अशी बोली कधी झाली नाही. माझी आई कोकमाचं आगळ पाठवायची, नाताळात पलीकडून नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट यायचं, एवढंच.

त्या विहिरीला दोन नियम होते. पाणी दोर-कळशीनेच काढायचं, पंप लावायचा नाही. आणि सकाळी काढायचं, संध्याकाळी काढायचं, मधे नाही. का, असं आम्ही लहानपणी विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "दुपारची बाव निजता." आम्ही खरंच पाय न वाजवता कठड्यापासून जायचो. पुढे मी डिप्लोमा केला तेव्हा त्यातलं शास्त्र कळलं. वाळूतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हळूहळू उपसलं तर वरून पाझर येऊन भरून निघतं, घाईने ओढलं तर खालून समुद्र वर येतो. म्हणजे मला कारणासकट ठाऊक होतं. अडाणी होतो म्हणून चुकलो, ही पळवाट मला नाही.

कोल्हापूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं मेंटेनन्सला होतो. बंद पडलेलं यंत्र समोर आलं की नेमकं कुठे बिघडलंय ते शोधायचं, हेच माझं काम. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे मी न विचारताही लोकांना सांगत असे. शुभा, माझी बायको, म्हणायची की तू जेवायला बसलास तरी आधी भाकरीतला बिघाड शोधतोस. निवृत्त होऊन गावी आलो आणि चार महिन्यांत कंटाळलो. तेवढ्यात एका ओळखीच्याने त्याचा जुना कॅम्पर विकायला काढला.

कॅम्पर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायची दोन चाकांची गाडी. बंद असताना मोठ्या पेटीसारखी दिसते. हँडल फिरवलं की छप्पर वर उचललं जातं, दोन्ही बाजूंना बिछाने सरकतात आणि कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात. फोंडाघाटाच्या वळणांवरून ती मी जीव मुठीत धरून खाली आणली आणि सुरूच्या झाडांखाली उभी केली. गावाने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव तंबूगाडी ठेवलं. समुद्रावर राहायला येणारे पाहुणे तिच्यात उतरणार होते. फिलूबाय बघायला आली, छप्पर वर जाताना पाहून लहान मुलीसारखी हसली आणि मला पुन्हा एकदा खाली-वर करून दाखवायला लावलं. ती गावच्या शाळेत मास्तरीण होती. शिकवणं सुटलं तरी नवी वस्तू उघडून बघायची तिची हौस गेलेली नव्हती.

गाडीतली पाण्याची व्यवस्था मला सगळ्यात आवडायची. बाकाखाली टाकी, टाकीशेजारी बॅटरीवर चालणारा वाटीएवढा पंप, तिथून नळ्या, एक छोटं सिंक आणि मागच्या बाजूला अंघोळीचा फवारा. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद केला की दाब भरतो आणि पंप थांबतो. सगळी नळी रिकामी करायची असेल तर गाडीच्या पोटाखाली, चाकामागे एक छोटा कॉक. त्यातून पडणारं पाणी वाळूत चिखल करतं म्हणून मी हुशारीने त्याला रबरी नळी जोडली आणि ती सांडपाण्याच्या पाइपात सोडली. तो पाइप माडाच्या आळ्यात जात होता. माडालाही पाणी, गाडीखालीही कोरडं. माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटली होती.

आज ती गाडी तिथेच आहे. छप्पर मिटलेलं, वर ताडपत्री. ताडपत्रीवर शुभा रातांब्याची सालं वाळत घालते आणि खाली शेजारच्या कोंबड्या अंडी घालतात. मे महिन्यात त्या सालांचा आंबट वास उन्हाबरोबर वर येतो आणि त्या वासाच्या मागोमाग मला अजून पंपाचा आवाज ऐकू येतो. टुर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टुर्र.

तो आवाज पहिल्यांदा ऐकला ती तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली सकाळ होती. पाहुणे आदल्या दिवशी उतरले होते, कोल्हापूरचं कुटुंब, नवरा-बायको आणि दोघांच्या आया. चौघंही समुद्रावर गेले होते, सगळे नळ बंद होते, आणि पंप आपला अधूनमधून वाजत होता. नळ बंद असताना पंप वाजतो म्हणजे पाणी कुठेतरी जातंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. टाकी भरलेली होती ती जेवणवेळेपर्यंत तळाला गेली. पण गाडीखाली वाळू कोरडी ठणठणीत. सिंकखाली हात फिरवला, कोरडं. मी नळांचे वॉशर बदलले. पंपाची गाळणी उघडून धुतली. जोडांवर टेप गुंडाळली. मालवणातून नवा पंप आणला. दुकानदाराला वॉशर भिकार देतोस म्हणून फोनवर झापलं. ज्याने गाडी विकली त्याला चार शब्द सुनावले. शुभाला म्हटलं, तूच कुठलातरी नळ सैल सोडतेस. म्हणजे जगात दोष नव्हता असा एकच माणूस उरला होता.

त्याच सकाळी फिलूबाय म्हापशाला भाचीच्या लग्नाला निघाली. तीन दिवसांसाठी. नवी साडी, हातात पिशवी, घाईत होती. फाटकाला कुलूप लावून गडग्याशी आली आणि मला म्हणाली, "दिगू, बावीर लक्ष ठेव हां. कोण दुपारची कळशी सोडीत तर हाकलून घाल."

मी हो म्हटलं. आणि तिची रिक्षा वळणाआड गेल्यावर चार तासांनी, टळटळीत दुपारी, माझा अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप तिच्या विहिरीत सोडला.

मला काय वाटलं होतं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. पाहुण्यांसमोर नळ कोरडा पडायला नको, एवढंच वाटलं होतं. आमच्या विहिरीचं पाणी टाकीत भरलं तर अंघोळीनंतर अंग चिकट होतं आणि साबणाला फेस येत नाही. नळाचं पाणी दिवसाआड. दोर-कळशीने टाकी भरायची तर कंबर मोडेल. शुभा पायरीवर उभी राहून बघत होती. फिलूबायेक इचारलंस काय, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, तीन दिवसांत काय समुद्र आत येतो? ती काही न बोलता आत गेली. माझ्या बायकोचं गप्प बसणं मला नेहमी उशिरा ऐकू येतं.

टाकी भरायची, पंपाने टुर्र टुर्र करत ती रिकामी करायची, मी पुन्हा भरायची. दिवसातून चार वेळा, तीन दिवस. मधल्या वेळात मी बिघाड शोधत होतो आणि सापडत नव्हता. बाराव्या भरणीला विहिरीतल्या पंपाच्या तोंडून गढूळ पाणी आलं. मी ओंजळ भरून चाखलं. खारट नव्हतं असं स्वतःला सांगितलं. पुन्हा चाखलं. जीभ खोटं बोलत नव्हती. मी पंप वर काढला, दोर गुंडाळला आणि जणू काही घडलंच नाही असा अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवला.

पाहुणे गेले त्या सकाळी मी अखेर तेच केलं जे कारखान्यात पहिल्या तासाला केलं असतं. एकेक नळी चिमटीत धरून बंद करत गेलो आणि पंप कधी गप्प होतो ते ऐकत राहिलो. शेवटी उताणा झोपून गाडीखाली सरकलो. चाकामागचा तो कॉक. त्याची दांडी आडवी असली की बंद, उभी असली की चालू. ती तिरकी होती, करंगळीभर. पाहुणे यायच्या आधी नळ्या धुऊन काढताना मीच ती उघडली होती आणि बंद केली असं समजून उठलो होतो. तिथून झिरपणारं पाणी माझ्याच हुशारीच्या नळीतून माडाच्या आळ्यात जात होतं. आळं तर सांडपाण्याने ओलंच असायचं, शंका येणार कशी? मी अंगठ्याने दांडी आडवी केली. पंप थांबला. गाडीखाली वाळूत पडून मी बराच वेळ ती शांतता ऐकत होतो. बिघाड सापडल्यावर मला नेहमी आनंद व्हायचा. त्या दिवशी झाला नाही.

दुपारी मी मोटार घेऊन कसालला गेलो. फिलूबाय गोव्याच्या गाडीतून तिथे हायवेवर उतरणार होती. लग्न कसं झालं, नवऱ्याकडचे किती नाचले, सगळं सांगत होती. माझ्यासाठी केळीच्या पानात बांधून दोदोल, नारळ-गुळाची मिठाई, आणला होता, तो मांडीवर धरून बसली होती. कट्टा गाव सोडल्यावर तिने सहज विचारलं, बाव बरी आसा मां? मी रस्त्याकडे बघत म्हटलं, बरी आसा. खोटं इतकं लहान असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती विहिरीवर आली. पायांवर पाणी घेतलं, कळशीतून पेला भरला, एक घोट प्यायली आणि थांबली. मी गडग्याअलीकडे माडांना पाणी घालत असल्यासारखं करत होतो. तिने दुसरा घोट घेतला. मग पेला माझ्यासमोर धरला आणि म्हणाली की जरा चाखून बघ, माझंच तोंड खराब झालं असेल. मी प्यायलो. त्या क्षणी सांगता आलं असतं. मी म्हटलं, मे महिना आहे, सगळ्यांच्याच खाऱ्या झाल्या. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. तिची विहीर कधी खारी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या पडवीत येऊन बसली आणि तिने स्वतःच शोधून काढलेलं कारण मला सांगितलं. म्हापशाला निघाली त्या सकाळी, माझ्याशी बोलायच्या जरा आधी, सुक्या मासळीची पाटी घेतलेली एक बाई फाटकाशी आली होती. अनोळखी, लांबून चालत आलेली. तिने प्यायला पाणी मागितलं. फिलूबायने फाटकाला कुलूप घातलं होतं, रिक्षा हॉर्न देत होती, ती म्हणाली फुडल्या घराकडे माग. बाई पाटी सावरून चालू लागली. "गोड्या बावीच्या दारातसून मी तानेल्या माणसाक परत धाडलंय," फिलूबाय म्हणाली. "देवान तोंडातला पाणी काढून घेतल्यान."

मी तिच्यासमोर बसून दोदोल खात होतो. मी आणखी एक तुकडा तोंडात टाकला. शुभा आतून चहा घेऊन आली, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा ठेवून गेली.

त्यानंतर जे झालं ते बघायला मी रोज हजर होतो, ही माझी शिक्षा. त्याच महिन्यात फिलूबायने तिच्या खुरसाकडे, म्हणजे दारातल्या क्रुसापाशी, लदीन ही सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना म्हणवून घेतली. मेणबत्त्या लावल्या, वाडीतली माणसं जमली, तिने गुडघे टेकून प्रार्थना केली. नंतर सगळ्यांना उकडलेले चणे वाटले. माझ्या पापासाठी म्हटलेल्या प्रार्थनेचे चणे मी दोन मुठी खाल्ले, कारण नको म्हटलं असतं तर का म्हणून तिने विचारलं असतं. मग तिने फाटकाशी माठ ठेवला. लाकडी झाकण, वर उपडा तांब्या. स्वतःच्या खाऱ्या विहिरीचं पाणी त्यात घालायचं नाही, तर वरच्या वाडीतल्या विहिरीवरून रोज सकाळी दोन खेपा. तेव्हा ती पंचाहत्तरीची होती. तिचे गुडघे सुजायचे. मी आणून देतो म्हटलं तर म्हणाली, तू कशाला, चूक माझी. पोस्टमन पाणी पितो, डॉल्फिन बघायला आलेले लोक पितात, मासे विकणाऱ्या पितात. त्यातल्या प्रत्येकीच्या तोंडाकडे फिलूबाय निरखून बघते. तीन वर्षांत ती बाई पुन्हा आली नाही.

पावसाळ्यात विहीर भरते आणि गोड होते. दिवाळीतही गोड असते. पण रातांबे पिकायला लागले की पुन्हा खारी. दर मे महिन्यात दोराला गाठ पडली की ती पहिली कळशी काढते आणि पेल्याने चव घेते. या वेळी तो टक् आवाज आला तेव्हा मला माहीत होतं आता ती काय करणार. मी तोंडातला फेस तसाच थुंकून गडग्याशी गेलो. तिने घोट घेतला, पेला कठड्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "ह्या वर्साव नाय रे. अजून तिना माका माफ केल्यान नाय."

ती देवाबद्दल बोलत नव्हती. त्या पाटीवालीबद्दल बोलत होती. तिचे पाय सुजून टम्म झालेले होते आणि त्यानंतर ती कळशी घेऊन वरच्या वाडीला निघणार होती. मला तेवढं सोसलं नाही. खूप आधीच सोसायला नको होतं.

मी सांगितलं. गडग्यावर हात ठेवून, काही न गाळता. पंप सांगितला, बारा टाक्या सांगितल्या, तिरकी दांडी सांगितली. तिने मधे एकदाच विचारलं, दुपारचा काढलंस? मी म्हटलं, दुपारीच. ती विहिरीच्या आत बघत राहिली. मला वाटलं ती विहिरीबद्दल रागवेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

"बाव खारी झाली ता एक झाला," ती म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्यासारखा होता, हळू आणि सरळ. "पण मी तीन वर्सां गुडघे टेकतंय, आनि तू हंय बसान चणे खातंस."

मग ती घरात गेली आणि दार लावलं. त्या दिवशी ती वरच्या वाडीला गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी येता-जाता फाटकाकडे बघत होतो. माठ बाहेरून कोरडा पडत चालला, त्याचा रंग फिका झाला. तिसऱ्या दिवशी एक बाई झाकण उचलून आत बघून तशीच पुढे गेली. मी स्वतःला समजावलं की बरं झालं, म्हातारीचं ओझं तरी उतरलं. शुभा म्हणाली, तिचं उतरलं असेल, तुझं काय?

आज सकाळी गडग्यावरून हाक आली. नावाने, पूर्वीसारखी. मी गेलो तर फिलूबाय हातात रिकामी कळशी घेऊन उभी होती. रात्रभर विचार केला असं तिने मला सांगितलं नाही, पण डोळ्यांवरून दिसत होतं.

"ती बायलमाणूस तानेलीच फुडे गेली, ता पाप माझाच," ती म्हणाली. "म्हणान माठ हंयच रवतलो. पण आतापासून तो तू भर. आनि कोणी इचारल्यान तर खरा काय ता सांग."

मी कळशी घेतली. वरच्या वाडीची चढण मला वाटली होती त्यापेक्षा जास्त आहे. ऊन तापायच्या आत दोर सोडला, सावकाश, जसा लहानपणी सोडायचो तसा, आणि दोन खेपा केल्या. खांदा सोलवटला. माठ भरला, झाकण घातलं, तांब्या उपडा ठेवला. फिलूबाय पायरीवर बसून रातांबे फोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

तेवढ्यात रस्त्याने एक मासेवाली आली. पाटी उतरवून तिने पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की आज माठापाशी फिलूबाय नाही, तू कसा? पायरीवरचा रातांबे फोडायचा आवाज थांबला. मी तांब्या भरून तिच्या हातात दिला, आणि ती पीत असताना सुरुवातीपासून सांगायला लागलो.